बियाण्याची किल्ली

त्या घरात कुलपं चार होती, पण मान एकाच किल्लीला. आबांच्या विजारीच्या नाडीला ती कायमची बांधलेली. आंघोळीला निघाले की आधी नाडी सुटायची, किल्ली नाडीसकट साबणाच्या डबीत जायची आणि मग आबा मोरीत. किल्ली कसली, तर बियाण्याच्या खोलीची. खोली तरी केवढी? गोठ्याच्या भिंतीला टेकून काढलेली आठ पावलांची जागा, खिडकी नाही, उजेड दारातून येईल तेवढाच. पण पन्नास वर्षांत त्या खोलीतल्या एका दाण्याला कीड लागली नव्हती की बुरशी धरली नव्हती. हे आबा स्वतः सांगत. दूधवाल्याला सांगत, विजेचं मीटर बघायला येणाऱ्याला सांगत. बाकी आयुष्यात आपण सांगण्यासारखं काही केलं नाही, हेही तेच सांगत आणि वर हसत.

धाकटी सून या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत तिने ती खोली पाहिली ती आबांच्या पाठीमागे टाचा उंचावून. एकदा कधीतरी तिने म्हटलं होतं, "आबा, द्या किल्ली, मी झाडून काढते." आबा म्हणाले, "तू घर झाड, बाई. बियाण्याला झाडू चालत नाही." विषय तिथेच मिटला.

तसं त्या खोलीतलं बी आता एकाच जागी लागत असे. विहिरीजवळचा वरचा तुकडा थोरल्या मुलाकडे होता आणि तो बाजारातलं पाकिटातलं बी आणायचा. घरचा मका टोकायचा तो फक्त खालच्या तुकड्यात. तो कसायचा धाकटा मुलगा. घरचा व्यवहार थोरल्याच्या हाती, आणि भाऊ काहीही बोलला तरी धाकटा "होय दादा" म्हणायचा, म्हणून त्याला अख्खी गल्ली होयबा म्हणे. बायको सोडून. ती "अहो" म्हणायची, पण मनात तीही होयबाच म्हणत असणार.

एका दुपारी सगळे जेवायला बसले असताना थोरला ताटावरून मान वर न करता म्हणाला, "खालच्या तुकड्याची माती भट्टीवाल्याला देऊन टाकू म्हणतो."

होयबाने घास गिळला आणि म्हणाला, "होय दादा."

धाकटीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. माती देणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. शेजारच्या दोन शेतांची माती गेल्या वर्षी गेली होती. वीटभट्टीवाल्याचं यंत्र आलं, आठ दिवसांत कंबरभर काळी माती खरवडून गेलं आणि खाली उरला पिवळा, दगडासारखा टणक मुरूम. आता त्या खड्ड्यांत पाणी साचून बेडूक ओरडायचे. त्यातल्या एका शेताची मालकीण सध्या भट्टीवर विटा थापत होती. आपल्याच मातीच्या विटा! परवा भेटली तेव्हा तिने हात पाठीमागे लपवले होते.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "तो तुकडा गेला तर आम्ही दोघांनी काय करायचं?"

"त्या तुकड्यात आहे काय आता? तीन वर्षं मका गुडघ्यावर जात नाही. खत ओतलं तरी तेच. दमलीये ती जमीन."

"एक हंगाम द्या मला."

तिची जाऊ वाढता वाढता थांबली. धाकटीने घरात काही मागायची ही पहिलीच वेळ असावी. थोरल्याने बराच वेळ बोटं चाटली आणि मग म्हणाला, "दिला. दुसऱ्या खुरपणीला मका कंबरेला लागला, तर भट्टीवाल्याला मी नाही म्हणतो. नाही लागला, तर पुन्हा हा विषय नाही. काय रे?"

"होय दादा," होयबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने शेतात पाच ठिकाणी वीतभर खड्डे घेतले, माती एकत्र केली, पिशवीत भरली आणि दोन गाड्या बदलून तालुक्याच्या माती तपासायच्या ऑफिसात गेली. जाऊ मागून म्हणाली, "बघा बाई, माणसांना डॉक्टर मिळेना आणि ही मातीला दवाखान्यात घेऊन चालली." ऑफिसाच्या दारात शिपायाने अडवलं. "ओ ताई, माती बाहेर ठेवा, फरशी आत्ताच पुसलीये." माती तपासायचं ऑफिस आणि माती आत न्यायची नाही! धाकटी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तपासणाऱ्या मॅडम स्वतः बाहेर आल्या, तिच्याशेजारी पायरीवरच बसल्या आणि पिशवीत हात घातला. त्यांच्या नखांत माती होती. धाकटीला त्या तिथेच पटल्या.

आठवड्याने निकाल मिळाला. मॅडम म्हणाल्या, "तुमची जमीन भिकारी नाही हो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर आहे. इतकी वर्षं टाकलेलं खत सगळं तिच्याच पोटात आहे. पण तिने ते घट्ट धरून ठेवलंय, मुळांना लागू होत नाही. म्हणून पानं जांभळी पडतात आणि वाढ खुंटते."

"म्हणजे आमच्या बियाण्याच्या खोलीसारखं," धाकटी म्हणाली. "माल आत आहे, पण किल्ली आबांकडे."

मॅडम मोठ्याने हसल्या. मग त्यांनी काळ्या भुकटीची पाकिटं समोर ठेवली. "ही घ्या तुमची किल्ली. यात जिवाणू आहेत, जिवंत. मातीतलं स्फुरद विरघळवून मुळांना देतात. गुळाचं पाणी करा, गार झालं की भुकटी कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टोका. बियाण्याला औषध-पावडर काही लावायची असेल तर ती आधी. हे सगळ्यांत शेवटी. यावर दुसरं काही पडता कामा नये, नाहीतर मरतील बिचारे."

परत येताना धाकटीने पाकिटं पदराखाली धरली होती. गाडीच्या खिडकीतून ऊन यायचं तेव्हा ती बाजू बदलायची. शेजारच्या बाईने विचारलं, "बाळ आहे का?" ती म्हणाली, "तसंच काहीसं." आणि मग तिलाच हसू आलं.

घरी तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं, शब्दन् शब्द. आबांना सांगितलं ते एवढंच, "आबा, यात जिवाणू आहेत, जिवंत. बियाण्याला लावायचेत." आबांचा चेहरा उतरला. "बियाण्याला जिवंत काही लावायचं?" ते म्हणाले. "अगं, पन्नास वर्षं मी जिवंत ते सगळं बियाण्यापासून लांब ठेवलं." तिने म्हटलं, "हे चांगले असतात, आबा." यापुढे ती बोलली नाही. बियाण्याच्या बाबतीत आबांना हे करू नका, ते करू नका असं त्या घरात कुणी सांगत नसे. थोरलाही नाही. तिची तर काय बिशाद.

टोकणीच्या दिवशी तांबडं फुटायला आबांनी कुलूप काढलं आणि मक्याची दोन पोती स्वतः ओढून बाहेर आणली. धाकटीने पडवीत गोणपाट अंथरले. घमेल्यात गुळाचं पाणी, त्यात काळी भुकटी, आणि मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत. दाणे काळे कुळकुळीत झाले. ती एकेक ओंजळ अशी चोळत होती की आबा खांबाला टेकून बघतच राहिले. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिला इतकं बरं वाटलं की तिने पुढची ओंजळ दुप्पट भरून घेतली.

पहिलं पाटीभर बी सुकलं तशी ती पाटी डोक्यावर घेऊन शेतात गेली, म्हणजे नवरा नुसता उभा राहायला नको. बांधाकडून सुरुवात केली. तो काठीने भोक पाडायचा, ती दोन दाणे टाकून पायाने माती लोटायची. पाच ओळी झाल्या आणि पाटी संपली. ती घरी आली तर बाकीचं बीही छान सुकलेलं. आबांनी ते स्वतः गोळा करून पोत्यांत भरून ठेवलं होतं आणि हात धुवून ओट्यावर बसले होते. "चल, ने," ते म्हणाले. "काळजी करू नकोस. सगळं नीट झालंय." दिवस मावळेपर्यंत तुकडा टोकून झाला. रात्री तिची कंबर मोडून आली होती, तरी ती नवऱ्याला म्हणाली, "बघा हं तुम्ही या वेळी."

"होय," होयबा म्हणाला.

उगवण अशी झाली की बघत राहावं. एक खाडा नाही. आबा काठी टेकत बांधावर आले, ओळी बोटाने मोजल्या आणि म्हणाले, "एक दाणा वाया गेला नाही. बघितलंस?" धाकटी दररोज पहाटे शेतात जायची आणि वाकून पानं बघायची. पंधरा दिवस सगळं हिरवं होतं. विसाव्या दिवशी एका पानाची कड जांभळी दिसली. तिने ती ओल्या बोटाने पुसून पाहिली. पुसली जाईना. पंचविसाव्या दिवशी सगळा तुकडा जांभळट पडला, कुणी थंडीने ओठ काळेनिळे करून बसावं तसा. मका वीतभरावर अडून बसला. फक्त बांधाकडच्या पाच ओळी हिरव्यागार, रुंद पानांच्या, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच.

"बांधाला ओल जास्त असते," होयबा म्हणाला.

"दुसऱ्या बांधालाही ओल असते," ती म्हणाली. "तिकडे जाऊन बघा."

ती पुन्हा दोन गाड्या बदलून गेली आणि मॅडमना घेऊन आली. मॅडमनी चप्पल काढली, पाच ओळींतलं एक रोप उपटलं, पलीकडचं एक उपटलं आणि मुळं शेजारी शेजारी धरली. एकाला दाढीसारखी दाट मुळं, दुसऱ्याला चार दोरे. "हे लागू झालंय," त्या म्हणाल्या, "आणि हे झालेलं नाही. तुकडा एकच, बी एकच, भुकटी एकच. आठवा बरं, या बियाण्यावर नंतर काही टाकलं होतं का? कुठली पावडर?"

"नाही हो! मी सांगितलंच होतं सगळ्यांना..." धाकटी बोलता बोलता थांबली. सगळ्यांना नव्हतं सांगितलं.

ती घरी आली. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ती त्यांच्या पायाशी खाली बसली. "आबा, टोकणीतलं थोडं बी उरलं होतं ना? मला दाखवता?"

आबा आनंदाने उठले. बियाणं बघायला कुणी मागितलं की त्यांना वीस वर्षं कमी व्हायची. कुलूप काढून त्यांनी डबा उजेडात आणला. दाणे काळेच होते. तिने दोन दाणे तळहातावर घेतले, थुंकीने ओले केले आणि चोळले. बोटाला काळं लागलं. त्यात मिसळलेलं गुलाबीही लागलं.

"आबा, हे काय?"

"सापडलं का तुला?" आबा हसले. "तू पाटी घेऊन गेलीस ना, तेव्हा लावली. माझी जुनी पावडर. आता मिळत नाही ती, बंद झाली. शेवटचा डबा होता, सात वर्षं जपून ठेवला होता. म्हटलं, पोरीने हंगाम मागून घेतलाय, त्या जिवंत भानगडीने बी कुजलं तर घरात काय तोंड दाखवेल? सगळा डबा टाकला. बी ओलं होतं तोवरच हाताने चोळली, तुझ्या भुकटीत मिसळून गेली. म्हणून तर एक दाणा वाया गेला नाही."

धाकटीने मूठ मिटली. तिला रडू आलं नाही, राग आला. पण राग धरायचा कुणाचा? समोर एक म्हातारा डबा घेऊन उभा होता आणि शाबासकीची वाट बघत होता.

"हो ना आबा," ती म्हणाली. "एक दाणा वाया गेला नाही."

तीन दिवस तिने कुणाला काही सांगितलं नाही. हात खुरपणीत आणि डोकं दुसरीकडे, त्यात खुरपं बोटावर बसलं. चिंधी बांधून ती पुढे सरकत राहिली. सांगावं तर म्हाताऱ्याचं उभं आयुष्य चुलीत. न सांगावं तर तुकडा जाणार, आणि उद्या आपणही हात पाठीमागे लपवत फिरणार. पण पाच ओळी तर खोटं बोलत नव्हत्या ना? भाऊजींना त्या दाखवल्या, कारण सांगितलं, तर ते आणखी एक हंगाम देतील. माणूस कडक आहे, पण आंधळा नाही. आणि हे बोलणं आबांपर्यंत कशाला जाईल? शेवटी तिने ठरवलं की भाऊजींना एकट्याला गाठायचं.

दुसऱ्या खुरपणीला थोरला शेतात आला. जाऊबाईही आल्या, मजा बघायला. थोरला तुकड्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मका त्याच्या गुडघ्याला लागत होता. तो तिथून बांधाकडे गेला आणि पाच ओळींत शिरला. तिथे पानं त्याच्या कंबरेच्या वर आली. त्याने एक पान हातात धरलं, उलटसुलट केलं आणि सोडून दिलं.

"त्या मातीवाल्या बाईने फसवलं तुला," तो जाता जाता म्हणाला. "कुठे लागतं, कुठे नाही. असलं औषध काय कामाचं?"

संध्याकाळी तो गोठ्यात धार काढायला बसला तेव्हा ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"भाऊजी, मॅडमनी नाही फसवलं. आबांनी बियाण्यावर त्यांची जुनी गुलाबी पावडर टाकली. त्याने जिवाणू मेले. पाच ओळींचं बी मी आधीच नेलं होतं, ते वाचलं. बघितलंत ना तुम्ही? सगळा तुकडा तसा आला असता. आबांना ठाऊक नाही, त्यांना काही बोलू नका. पण मला आणखी एक हंगाम द्या."

चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. थोरल्याने म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं.

"म्हणजे आबांनी मारलं सगळं," तो म्हणाला.

"मुद्दाम नाही हो."

"अगं, देऊन काय देऊ तुला?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी भट्टीवाल्याला शब्द देऊन बसलोय. टोकणीच्या आधीच. तू त्या दिवशी ताटावर बोललीस ना, त्याच्या आदल्या दिवशी. तुझा मका डोक्याला लागला असता तरी माती जाणारच होती."

तिला आधी नीट कळलंच नाही. "मग हंगाम कशाला दिलात?"

"तू मागितलास. चारचौघांत नाही कसं म्हणू? म्हटलं, पीक यायचं नाहीच, आपोआप गप्प बसशील." त्याने पुन्हा धार सुरू केली, मग थांबवली. "चुकलं माझं. पण आता काही होत नाही. सोमवारी यंत्र येतंय."

धाकटी खाली बसली, तिथेच, शेणात. अकरा वर्षांत ती त्या गोठ्यात कधी अशी बसली नव्हती. आणि तेव्हा भिंतीपलीकडे काहीतरी पडलं. पत्र्याचा डबा पडून घरंगळत जातो तसा आवाज झाला. दोघांनीही भिंतीकडे पाहिलं. पलीकडे बियाण्याची खोली होती. संध्याकाळी आबा तिथे डबे पुसत बसतात, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं, आणि नेमकं ते दोघं विसरले होते.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. होयबा बोलवायला गेला तर म्हणाले, "पोट बरं नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दूधवाला आला आणि सवयीने म्हणाला, "काय आबा, बियाणं काय म्हणतंय?" आबा उठून आत गेले.

सोमवारी यंत्र आलं. रस्ता बांधाकडून होता, म्हणून सुरुवात तिकडूनच झाली. पाच ओळी पहिल्या गेल्या. धाकटी पाहायला गेली नाही, पण घरघर ओट्यापर्यंत येत होती. होयबा गेला होता. तो दुपारी परतला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "भट्टीवाला म्हणतोय, तुम्ही दोघं उद्यापासून या. जोडप्याला काम आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

तो पायाला लागलेली काळी माती नखाने खरवडायला लागला. तिने पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी ती चुलीशी बसली होती तेव्हा आबा दारात येऊन उभे राहिले. एका हाताने त्यांनी विजार धरून ठेवली होती. दुसरा हात पुढे केला. त्यात किल्ली होती. गाठ सुटत नव्हती म्हणून नाडीच कापलेली दिसत होती. तिचा तुकडा किल्लीला तसाच लोंबत होता.

"धर," ते म्हणाले. "बी आता तू सांभाळ. तुझा हात चांगला आहे. मला त्यातलं काही कळत नाही, बाई."

"आबा, असं काय बोलता? राहू द्या तुमच्याकडेच."

"मी जर त्या दिवशी हात लावला नसता..."

"तरी माती जाणारच होती, आबा. भाऊजी बोलले ते ऐकलंत ना तुम्ही? शब्द आधीच दिला होता. तुमच्यामुळे काही गेलं नाही."

"ते माती विकणाऱ्याचं झालं," आबा म्हणाले. "मी बियाण्याचं बोलतोय."

तिने हात पुढे केला आणि किल्ली घेतली. ती कोमट होती. खोलीत पुढच्या हंगामाचं मक्याचं बी भरून ठेवलेलं होतं, दोन पोती, एकही दाणा किडलेला नाही. ते टोकायला आता हातभर जागा नव्हती. आबा एका हाताने विजार सावरत, भिंतीला धरत, आपल्या खाटेकडे निघाले. धाकटीने किल्ली पदराच्या टोकाला बांधली, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि आत जाऊन त्यांच्यासाठी नवी नाडी शोधायला लागली.